शेवटचा खेळ सुटल्यावर

१९८४ साली रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ लागला, तेव्हा गिरणी संपाने लालबाग-परळची कंबर मोडली होती. घरोघरी ओढाताण होती. तरी रात्रीच्या शेवटच्या खेळाला आम्ही कॉलेजातली पोरं कुठून तरी पैसे जमवून जायचो. पडद्यावर त्यातल्या सैतानाचा, सामरीचा चेहरा आला की आख्खं स्टॉल किंचाळायचं आणि त्या किंचाळण्यावर आख्खं स्टॉल हसायचं.

सात रामसे भावांनी कामं आपसांत वाटून घेतली होती. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा सांभाळायचा, किरण ध्वनी. १९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी त्यांनी सगळा लवाजमा महाबळेश्वरला नेला होता. सामरी झालेले अनिरुद्ध अग्रवाल शिक्षणाने इंजिनिअर. हे सगळं आम्हाला पुढे कळलं. तेव्हा सामरी म्हणजे सामरी, बस्स!

खेळ सुटला की लगेच कुणी घरी जायचं नाही. नाक्यावर चहावाल्याचा स्टोव्ह भरभरत असायचा. ज्या गिरण्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, तिथले कामगार पाळी संपवून यायचे आणि आमच्यात मिसळायचे. कटिंग हातात घेऊन सिनेमा पहिल्यापासून सांगितला जायचा. ज्यांनी पाहिला त्यांनाच. मग आमच्या चाळीतले सावंतवाडीकडचे एक काका पुढे सरायचे. “ह्यां काय भूत? आमच्या व्हाळाकडे अमाशेक जावन बघ, मगे कळात!” आणि मुंजा, देवचार, हडळ, पिंपळ, पडकी विहीर असं सगळं कोकण नाक्यावरच्या दिव्याखाली उतरायचं. सामरी मागे पडायचा. खरी भीती काकांची. चाळीत परतल्यावर गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे एकट्याने जायची कुणाची टाप नसायची. झोपलेल्या भावाला उठवून डबा हातात द्यायचा, त्याने बाहेर उभं राहायचं आणि सारखी हाक देत राहायचं.

आता त्याच गिरण्यांच्या आवारात नाइट क्लब आहेत. मध्यंतरी एका भयपट महोत्सवाचा खेळ पाहून तिथल्या आफ्टर-पार्टीला गेलो होतो. दारात मनगटाला पट्टी बांधली, आत सगळा लाल उजेड. बारच्या फळीवर प्लास्टिकच्या कवट्या मांडलेल्या. पांढरी साडी, मोकळे केस, ओठांच्या कडेला खोटं रक्त अशा मुली मजेत फोटो काढून घेत होत्या. डीजे जुन्या भयपटांच्या संगीतावर ठेका चढवत होता. जगभर अशा रात्री आहेत. ब्रसेल्सच्या फँटास्टिक चित्रपट महोत्सवातला व्हॅम्पायर बॉल प्रसिद्ध आहे. बार्सिलोनाजवळच्या सित्जेसला १९६८ पासून महोत्सव भरतो, तिथे लोक झाँबी होऊन रस्त्यावर उतरतात. तो उत्साह आपल्याकडेही आला, याचा मला आनंद आहे.

कारण तेव्हा आमच्या आवडीला किंमत नव्हती. भयपट म्हणजे घरी न सांगता पाहायची गोष्ट. आज राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये व्हेनिसच्या क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा सिनेमा होतो आणि २०२४ मध्ये पुन्हा लागतो, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावतो. आमच्या शेवटच्या खेळाला बायका क्वचितच दिसायच्या. आज मुली मध्यरात्रीच्या खेळाला स्वतःच्या हिमतीवर येतात, क्लबात नाचतात. तेव्हा दिग्दर्शक फक्त पोस्टरवर असायचा. आफ्टर-पार्टीच्या त्या रात्री मात्र महोत्सवात पाहिलेल्या सिनेमाचा दिग्दर्शक माझ्यापासून दोन हातांवर उभा होता.

पण त्याला काही विचारता आलं नाही. मी ओरडलो, त्यानेही ओरडून काहीतरी सांगितलं, दोघांनाही ऐकू आलं नाही. शेजारची मुलगी मैत्रिणीला त्या सिनेमातल्या विहिरीबद्दल सांगू पाहत होती. तिसऱ्यांदा “काय?” ऐकल्यावर तिने सोडून दिलं. तिच्या आजोळीही एखादी विहीर असेल. ती गोष्ट त्या रात्री कुणालाच ऐकायला मिळाली नाही.

भयपट पाहून माणूस आतून हललेला असतो. त्या घटकेला तो एरवी बोलणार नाही ते बोलतो. आजीने सांगितलेलं, गावी पाहिलेलं, मनात दडपून ठेवलेलं. नाक्यावरच्या चहाने आम्हाला ती संधी दिली. नारायण धारप, रत्नाकर मतकरी वाचायची गोडी मला लागली ती त्याच गप्पांतून. सिनेमाने फक्त कडी काढून दिली.

म्हणून महोत्सव भरवणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. पार्टी जरूर करा, पण पहिला अर्धा तास डीजेला थांबवा. दिवे लावा, चहा ठेवा, दिग्दर्शकाला लोकांत बसवा आणि ज्याला आपल्या गावचं भूत सांगायचं आहे त्याला सांगू द्या. नाचायला उरलेली रात्र आहेच.