ठरलेली कथा

पुंडलिकनगरातील आमच्या लहानशा घरात आमची वाचनाची खोली आणि चिरंजीवांची संगणकावर खेळण्याची खोली एकच असल्यामुळे, इच्छा नसताही त्या खेळांचे थोडेबहुत शिक्षण आम्हांस घडले आहे. ज्या खेळांत आपण एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्यांची दोन कुळे आहेत म्हणे. २०११ सालच्या अमेरिकन ‘स्कायरिम’मध्ये जगावर संकट आले असताही नायकाने खुशाल लोहारकाम करावे, नाही तर डोंगर हिंडावेत; कोणी जाब विचारीत नाही. १९९७ सालच्या जपानी ‘फायनल फँटसी सात’मध्ये लढाईचे डावपेच तेवढे आपले, कथा लेखकाची. मौज ही की, १९८६ साली जपानी कुळाचा पाया घालणाऱ्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने स्फूर्ती घेतली ती ‘अल्टिमा’ व ‘विझर्ड्री’ या अमेरिकन खेळांपासूनच!

आम्ही मिल आणि आगरकर वाचून वाढलेले. आमचा कौल अर्थातच स्वातंत्र्याच्या बाजूस. सारे आधीच ठरलेले असेल तर त्यास खेळ का म्हणावे, असा वाद आम्ही पुष्कळ दिवस घातला. (वाद एकतर्फीच, चिरंजीवांचे लक्ष पडद्याकडे.)

त्या जपानी खेळात एरिथ नावाची फुले विकणारी मुलगी आहे. कथा संपण्याच्या पुष्कळ आधीच ती मारली जाते. कितीही पराक्रम करा, ती वाचत नाही. तिला जिवंत करण्याची युक्ती खेळणाऱ्यांनी वर्षानुवर्षे शोधली. तशी युक्ती नव्हतीच.

२०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत आमची पत्नी निवर्तली. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही मनात तेच पंधरा दिवस पुन्हा पुन्हा मांडीत होतो. एक दिवस आधी नेले असते तर? दुसरे रुग्णालय निवडले असते तर? प्रत्येक वेळी वाट निराळी, आणि प्रत्येक वेळी ती वाचत असे. सकाळी चहा करावयास आम्हीच उठत असू.

अशाच एका रात्री पाहिले, तो मुलाने तो जपानी खेळ पुन्हा आरंभापासून काढलेला. एरिथ जिवंत होती. तिला बरोबर घेऊन तो पाहिलेलीच गावे उगाच हिंडत होता.

“पुढे का जात नाहीस?” आम्ही विचारले.

“पुढचं ठाऊक आहे, बाबा. थोडा वेळ असू द्या.”

लहानपणी देवळात अभिमन्यूचे आख्यान ऐकलेले आठवले. तो चक्रव्यूहातून बाहेर येणार नाही हे सर्वांस ठाऊक असे. तरी मध्येच उठून कोणी जात नसे.

आम्ही पुस्तक मिटले व खुर्ची मुलाच्या शेजारी ओढून बसलो.