वरचे दीड व्होल्ट

निफाडकडचे सौर पथदिवे डिसेंबरात पहाटे फडफडतात आणि बोर्ड माझ्या टेबलावर येतो तो भर दुपारी. दुपारी तो अगदी शहाण्यासारखा वागतो. आमच्या धंद्यात यावर एकच औषध ठरलेलं आहे: एक मेगचा फीडबॅक टाका, हिस्टेरिसिस द्या, बिल फाडा. ऑटो श्मिटनं स्क्विडच्या मज्जातंतूंवर काम करताना काढलेली ही युक्ती. 1938 साली त्यानं ती छापली. तिन्हीसांजेला रिले कटकटत असेल तर तिच्याशिवाय गत्यंतर नाही. पण पहाटे चारला कसली तिन्हीसांज?

या बोर्डावरच्या एलएम393 कंपॅरेटरला पाच व्होल्ट दिले की वरचे दीड व्होल्ट सोडून द्यायचे. एक तरी इनपुट साडेतीनच्या खाली असलं तर निकाल बरोबर येतो. दोन्ही वर गेली की आउटपुटचा भरवसा नाही. या बोर्डावर रात्री एलडीआरची पिन पाचाला टेकलेली आणि रेफरन्स 3.6वर. दुपारी निभावतं, कारण चिप डेटाशीटपेक्षा थोडी उदार असते. थंडीत मात्र सिलिकॉनच्या प्रत्येक जोडाला अंशामागे सुमारे 2 मिलिव्होल्ट जास्त लागतात, आणि आत असे दोन जोड एकावर एक. उदारपणा संपतो. संपूर्ण तापमानकक्षेसाठी दीड नव्हे, दोन व्होल्ट सोडा, असं डेटाशीटमध्ये छापलेलं आहे. पण हल्ली डेटाशीट वाचतो कोण? पलीकडचे दुकानदार तर 358लाच कंपॅरेटर म्हणून जुंपतात, नाहीतर बोर्ड भंगारात टाकून मायक्रोकंट्रोलर विकतात.

बोर्ड फ्रिजमध्ये ठेवून बघू, ही कल्पना माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीची. कोथिंबिरीच्या जुडीशेजारी दिवा फडफडला. गिऱ्हाइकाला सांगताना मात्र मी ‘मी फ्रिजमध्ये ठेवून पाहिलं’ असंच म्हणतो.

“काका, रेझिस्टर बदलून रेफरन्स अडीचवर आणू,” ती म्हणाली. सरळ उपाय. मला तो मिळमिळीत वाटला. मी पिन 8चा ट्रॅक कापला आणि चिपला थेट बारा व्होल्टांच्या बॅटरीवर नेलं. आउटपुट ओपन कलेक्टर, पुलअप पाचावरच राहतो; एका वायरीत काम. अशी वायर पाहून दुसऱ्या कारागिरानं मान डोलवावी, ही माझी जुनी हौस.

तिनं मान डोलवली नाही. “चार्जरचा सगळा कचरा येईल या लाईनवर,” म्हणत तिनं वायरीत शंभर ओहम घातला, पिनजवळ कपॅसिटर लावला आणि बोर्ड पुन्हा फ्रिजमध्ये ठेवला.