पद्मिनीचा सुवास

पद्मिनी जातीच्या स्त्रीच्या अंगाला कमळाचा सुगंध येतो, असे आपले जुने शास्त्रकार लिहून गेले आहेत. आमच्या पद्मिनीच्या अंगाला पेट्रोलचा वास येई. ही पद्मिनी म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली आमची १९८४ सालची मोटार. तिची टॅक्सी झालेली भावंडे २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची गेली, तेव्हा घरचेच कोणी गेल्यासारखे मला वाटले. आणि आपली मात्र नाशकात अजून ठणठणीत आहे, म्हणून थोडा गर्वही झाला. पुढचा सारा घोटाळा त्या गर्वाने केला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी गाडी धुऊनपुसून मी गॅरेजात उभी केली होती. आतल्या आरशाला झेंडूची माळ, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक, चाकांखाली लिंबे. ही ताम्हनात निरांजन घेऊन आली आणि दाराशीच थबकली.

“अहो, वास येतोय.”

“पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचाच येणार. मोगऱ्याचा कुठून येईल?”

ती काही बोलली नाही. मागे वळली, निरांजन पार अंगणापलीकडे तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून आली आणि नुसतेच हळदकुंकू वाहिले. नात मागच्या सीटवर आधीच चढून बसली होती. तिला खाली उतरवले. सगळ्यांनी मोटारीने त्र्यंबकेश्वरला जायचे ठरले होते. त्या दोघी एस. टी.ने गेल्या. मी रुसून घरी राहिलो.

रुसायला कारण होते. मला खरोखरच वास येत नव्हता! नाक हा मोठा विचित्र पहारेकरी आहे. नवा वास आला की तो आरोळी ठोकतो. पण तोच वास जरा मुक्काम करून राहिला, की त्याला घरचा माणूस समजून खुशाल झोपी जातो. ही बाहेरून आली म्हणून तिला वास आला. मी त्या गॅरेजात तासभर फडके घेऊन वावरत होतो. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, बंद जागेत जमिनीलगत पसरून राहते. आणि आमच्या घरी ओवाळून झाले की निरांजन गाडीपुढे जमिनीवर ठेवायची पद्धत आहे.

दुसऱ्या दिवशी, हिचा संशय खोटा ठरावा एवढ्याच हेतूने मी भद्रकालीकडच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. हा माणूस आधी पाना उचलत नाही, आधी प्रश्न विचारतो. “वास कधी येतो साहेब? टाकी भरल्यावर? गाडी तापवून बंद केल्यावर? की रात्रभर उभी राहिली म्हणजे?” टाकी भरल्यावर येत असेल तर टाकीच्या तोंडाची रबरी नळी नाही तर झाकण बघायचे. तापल्या इंजिनाला येत असेल तर कार्बुरेटर. त्यातला फ्लोट नीट बसला नाही की पेट्रोल ओसंडते. मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. शेवटी घरी फोन लावावा लागला. “थांबून थांबून नाही, सदाच येतो, गाडी चालू असली म्हणजे जास्त,” असे उत्तर मिळाले. “आणि गणपतीपासून येतोय, तेव्हाच सांगितलं होतं,” हे जादा.

मिस्त्रींनी बॉनेट उघडले आणि कार्बुरेटर सोडून भलतेच केले. तेल मोजायची पट्टी उपसली.

“तेल कधी बदललं?”

“बदलायची गरजच पडली नाही,” मी अभिमानाने म्हणालो. “थेंबभर कमी होत नाही. उलट दोन महिन्यांत थोडं चढलंच आहे!”

एवढ्या वर्षांच्या ओळखीत मिस्त्री माझ्याकडे असे कधी पाहिले नव्हते. त्यांनी ती पट्टी माझ्या नाकाखाली धरली. तेल पाण्यासारखे पातळ झाले होते, आणि त्या क्षणी माझ्याही पहारेकऱ्याला जाग आली.

या गाडीचा पेट्रोलपंप इंजिनाच्या अंगालाच जोडलेला असतो. आतला एक रबरी पडदा इंजिनाच्या हिसक्यांनी खालीवर होतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो. त्या पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे पोट. पडदा फाटला, की पेट्रोल गुपचूप तेलात उतरते. तेल वाढते, त्याचा चिकटपणा जातो, बेअरिंगे झिजतात. आणि इंजिनाच्या पोटात साचलेली वाफ पेटली तर काय होईल ते मिस्त्रींनी हाताने दाखवले. म्हणजे जी गोष्ट मी गाडीची तब्येत म्हणून मित्रांना सांगत होतो, ती जलोदराची सूज होती.

हा पंप मला लहानपणापासून ओळखीचा. कसारा घाट चढताना इंजिन तापून पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची; मग वडील त्याच पंपावर ओले फडके ठेवून आम्हांला करवंदे घ्यायला पिटाळत.

दोन नट काढून मिस्त्रींनी पंप उतरवला. पडदा उजेडात धरला तर नखाएवढी चीर. रबर फुगून ठिसूळ झाले होते. “आता गाडी उसाचा रस पिते, जुन्या रबराला तो सोसत नाही,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच वावगे नाही. देशातल्या पेट्रोलात २०२२ साली १० टक्के इथेनॉल मिसळले गेले, २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. आणि जुन्या घडणीच्या रबराचे त्याच्याशी पटत नाही. पण तो पडदा किती वर्षांपूर्वी बसवला होता, हे मलाही आठवेना. मिस्त्रींचा कल उसाकडे होता, माझा वयाकडे. पंपाला नवा पडदा, पेट्रोलच्या नळ्या नव्या रबराच्या, क्लिपा नव्या, आणि सगळे तेल ओतून ताजे भरले. रात्री इंजिनाखाली वर्तमानपत्र पसरून ठेवायला सांगितले. सकाळी ते कोरडे होते. एक डागही नाही.

तरी मी स्वतःच्या नाकावर विसंबलो नाही. हिला बोलावले. ती आत बसली, काचा वर केल्या आणि डोळे मिटून दोनदा श्वास घेतला.

“येतोय,” ती म्हणाली.

माझ्या पोटात धस्स झाले. “पेट्रोलचा?”

“झेंडूचा. माळ कुजलीय ती. आधी काढून टाका.”