उंदीर कुठे गेला?

शनिवार-रविवारी सॉफ्टवेअरवाल्याने काय करावं? उशिरा उठावं, मिसळ हाणावी, जमलं तर गाडी धुवावी. गेलं दीड वर्ष माझं यातलं काहीच धड होत नाहीये, कारण मी एका संशोधन-गटाचं वार्तापत्र संपादित करून देतो. (मानधन: दर बैठकीला दोन कटिंग आणि एक क्रीमरोल. वाटाघाटी चालू आहेत. :) )

गट माझ्या शाळेतल्या मित्राचा. पुण्यातल्या एका संस्थेत तो आणि त्याचे सात-आठ विद्यार्थी वनस्पतींमधल्या रसायनांचा मधुमेहावर काही परिणाम होतो का, ते तपासत असतात. त्यांचे शोधनिबंध इंग्रजीत छापून येतात. पण ज्यांच्या करातून हे सगळं चालतं त्यांनाही काहीतरी कळावं, म्हणून दर दोन महिन्यांनी चार पानी मराठी वार्तापत्र काढतात. कल्पना झकास. मला बोलावणं आलं ते "तू बरं लिहितोस, जरा शुद्धलेखन बघून देत जा" एवढ्यापुरतंच.

खरं कारण नंतर कळलं. मी यायच्या आधी, एक अंक निघाल्यावर प्रयोगशाळेत कराडहून एका काकांचा फोन आला होता. "तुमचा तो अर्क रोज किती घ्यायचा? आणि तो सुरू केल्यावर इन्सुलिन बंद केलं तर चालेल ना?" फोन उचलणारी मुलगी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला. तिला घामच फुटला. "काका, काहीही बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा," असं तिने दहा मिनिटं समजावलं. काकांनी ऐकलं. पण ज्यांनी फोन केलाच नाही त्यांचं काय? माझा मित्र तसा निवांत माणूस, पण या प्रश्नाने त्याची झोप उडाली होती.

कारण प्रयोग झाला होता उंदरांवर. आणि छापून आलेल्या लेखात 'उंदीर' हा शब्द एकदाही नव्हता!

मग मी आपल्या धंद्यातलं जे येतं ते केलं. लेखाच्या सगळ्या फायली मागवल्या. 'लेख', 'लेख नवा', 'फायनल', 'फायनल २', 'फायनल सरांचे करेक्शन'... (हसू नका, तुमच्याही डेस्कटॉपवर हेच आहे.) त्या एकापुढे एक लावल्या आणि कोणत्या फायलीत काय बदललं ते ओळीओळीने काढलं.

पहिल्या खर्ड्यात वाक्य होतं: मधुमेह असलेल्या उंदरांना चार आठवडे अर्क दिल्यावर त्यांच्या रक्तातली साखर कमी झालेली आढळली, माणसांमध्ये असं होतं का, ते अजून तपासलेलं नाही. चोख वाक्य. दुसऱ्याने ते लांबलचक म्हणून तोडलं आणि मागचा अर्धा भाग लेखाच्या शेवटी नेला. तिसऱ्याने पान भरलं म्हणून शेवटचा परिच्छेद उडवला. चौथ्याने 'उंदरांना' काढलं, कारण बाजूच्या चौकटीत प्रयोगाची माहिती होतीच. पाचव्याने चौकट काढून तिथे झाडाचा फोटो टाकला. सहाव्याने 'कमी झालेली आढळली'चं 'कमी होते' केलं, वाक्य सुटसुटीत होतं म्हणून. आणि अगदी शेवटी कोणीतरी शीर्षक दिलं, 'मधुमेहावर आशेचा नवा किरण'.

यात खोटं कोणीच बोललं नव्हतं. एकेक बदल सुटा पाहिला तर मीही मान्य केला असता. प्रत्येकाचा कोड स्वतःच्या मशीनवर मस्त चालतो आणि सगळं एकत्र केलं की बिल्ड कोसळतो, तशातली गत.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका. ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये 'बीएमजे'त एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या २० आघाडीच्या विद्यापीठांनी २०११ साली आरोग्य या विषयावर काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं त्यांनी मूळ शोधनिबंध आणि पेपरातल्या बातम्या यांच्याशी ताडून पाहिली. ४० टक्के पत्रकांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा वाढवून सांगितलेला होता, आणि ३६ टक्क्यांमध्ये प्राण्यांवरच्या वगैरे प्रयोगांवरून माणसांबद्दल नको इतकं बोललं होतं. पत्रकातच असं झालेलं असेल तर ८६ टक्के बातम्यांमध्येही ते उतरलं. पत्रक सरळ असेल तर १० टक्क्यांमध्येच. आपण सगळं खापर पत्रकारांवर फोडतो, पण उंदीर बऱ्याचदा विद्यापीठाच्या आवारातच गायब होतो! २०१९ मध्ये जेम्स हेदर्स या संशोधकाने तर ट्विटरवर याच कामासाठी एक खातं उघडलं होतं. उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी माणसांबद्दल असल्यासारखी आली, की तो ती 'उंदरांमध्ये' एवढाच शेरा मारून पुढे पाठवायचा.

तर आम्ही काय बदललं?

एक. लेखक आता खर्ड्यासोबत तीन ओळी वेगळ्या देतो: प्रयोग कोणावर झाला, कितींवर झाला आणि काय अजून माहीत नाही. या ओळींना कुलूप. त्यांची जागा हलवा, भाषा सोपी करा, पण छापील लेखात त्या दिसल्याच पाहिजेत. नाही दिसल्या तर अंक छपाईला जात नाही.

दोन. कामाचा क्रम ठरवला. आधी मजकूर बरोबर आहे का, मग मांडणी, आणि ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. पूर्वी सहाही जण पहिल्या मिनिटापासून वेलांट्याच मोजत बसायचे. वेलांटी चुकलेली पटकन दिसते, गायब झालेलं वाक्य दिसत नाही. जे नाहीच ते दिसणार कसं?

तीन. एका लेखाला एकच संपादक. बाकीच्यांनी फायलीत हात घालायचा नाही, समासात प्रश्न विचारायचा. 'हे काढा' असं नाही, तर 'हे कशासाठी आहे?' असं. आणि शीर्षकासकट शेवटचं रूप मूळ लेखकाने वाचून होकार दिल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. ऑस्ट्रेलियात २०११ साली सुरू झालेलं 'द कॉन्व्हर्सेशन' असंच चालतं: लिहितात प्राध्यापक, संपादन करतात पत्रकार, पण शेवटचा शब्द लेखकाचा.

चार. माझी काकू. हो, खरंच! तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि विज्ञानाशी तिचा संबंध दहावीला सुटला. तिला लेख वाचायला देतो आणि एवढंच विचारतो, "काकू, काय कळलं ते सांग." समजलं का, असं विचारायचं नाही, त्यावर सगळेच 'हो' म्हणतात. ती जे सांगते तोच आमचा छापून येणारा लेख. मागे एकदा ती म्हणाली, "म्हणजे कारल्याचा रस बंद करून हे सुरू करायचं." झालं, लेख परत टेबलावर.

या भानगडीत मराठीबद्दल एक गोष्ट लक्षात आली. खात्री किती आहे हे आपली भाषा क्रियापदात सांगते. 'कमी होऊ शकेल', 'कमी झाल्याचं दिसलं', 'कमी होते', 'कमी होते हे सिद्ध झालं' या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. वाक्य आटोपशीर करताना आपण नकळत एकेक पायरी वर चढतो. आणि 'सिद्ध झालं' तर आपण इतकं स्वस्त करून ठेवलंय की विचारू नका. आता आमच्याकडे क्रियापद बदलायचं असेल तर लेखकाला विचारावं लागतं. विशेषणांची मात्र खुशाल कत्तल करा.

"पण सर, असं मिळमिळीत लिहिलं तर वाचणार कोण?" हा प्रश्न गटातल्या एका मुलाने विचारलाच, आणि रास्त प्रश्न आहे. उत्तर त्याच कार्डिफच्या अभ्यासात मिळालं. पत्रक वाढवून लिहिल्याने जास्त बातम्या छापून येतात, असं त्यांना काही आढळलं नाही. (बघा, 'आढळलं नाही' म्हणतोय, 'येत नाहीत हे सिद्ध झालं' नाही. सवय लागलीये.)

चुका पकडायला लोकांना आवडावं म्हणून एक युक्ती संगणकवाल्यांच्या आजोबांकडून उचलली. डोनाल्ड कनूथ २००८ पर्यंत आपल्या पुस्तकात चूक शोधणाऱ्याला २.५६ डॉलर द्यायचे. २५६ सेंट म्हणजे एक 'हेक्साडेसिमल डॉलर'! आमच्याकडे छापील अंकात चूक सापडली की शोधणाऱ्याला गटाकडून एक मिसळ. आतापर्यंत चार गेल्या. त्यातल्या दोन त्या फोन उचलणाऱ्या मुलीने खाल्ल्या.

आता पुढच्या अंकात एक लेख आहे: दोन वर्षं खपून तपासलेल्या दुसऱ्या एका अर्काचा उंदरांवर काहीच परिणाम दिसला नाही. तो छापायचा की नाही यावर परवा तासभर खडाजंगी झाली. मित्र म्हणाला, "यात सांगायचं काय?" ती मुलगी म्हणाली, "सर, हा अर्क बाजारात बाटलीत विकतात. सांगायचं हेच." लेख पहिल्या पानावर चाललाय. शीर्षक अजून ठरलेलं नाही, पण त्यात 'उंदीर' असणार हे नक्की.

तुमच्या ऑफिसात, सोसायटीत, कुठेही सहा जणांनी मिळून केलेला मजकूर बाहेर जाणार असेल, तर पहिली फाइल एकदा उघडून बघा. तुमचा उंदीर आहे ना जागेवर?

असो. काकूचा फोन येतोय, बहुधा प्रूफं वाचून झाली.