फुली मारली तरी होकार

६ नोव्हेंबर २०२५
तुळशीची लग्नं उरकली, पत्रिकांचा हंगाम लागला आणि डीटीपीवाले काका तोंड पाडून ऑफिसात आले. रात्री संगणक चालू ठेवून गेले, सकाळी त्यावर नवी प्रणाली आपसूक बसलेली. जुन्या फॉन्टचं डोंगल ती ओळखेना. ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी कंस, टक्के आणि इंग्रजी अक्षरं. चार गिऱ्हाइकं शेजारच्या प्रेसकडे गेली. “खिडकी आली होती, वकीलसाहेब, पण मी फुली मारून बंद केली.”

७ नोव्हेंबर
फुलीवरून विंडोज १० आठवलं. २९ जुलै २०१५ ला आलं, वर्षभर फुकट. मे २०१६ मध्ये तर त्याची खिडकी फुली मारून बंद केली तरी अपग्रेड ठरल्या वेळी व्हायचंच. कॅलिफोर्नियात सॉसलिटोच्या एका ट्रॅव्हल एजंटबाईंच्या संगणकावर ते न मागता सुरू झालं, फसलं आणि मशीन कामातून गेलं. बुडालेली कमाई आणि नव्या संगणकाची किंमत मागत त्या छोट्या दाव्यांच्या कोर्टात गेल्या. तिथे वकिलांना मज्जाव! निकाल १०,००० डॉलरचा. मायक्रोसॉफ्टने अपील केलं आणि मागेही घेतलं. चूक कबूल नाही. म्हणे, पुढचा खर्च टाळायचा होता.

१० नोव्हेंबर
काकांची तक्रार ग्राहक आयोगात न्यायची तर समोरचा वकील काय काय काढील ते मांडलं. पहिलं, काका धंदेवाले, ग्राहक नव्हेत. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ उपजीविकेसाठी, स्वयंरोजगाराला घेतलेली वस्तू चालते, आणि काका स्वतः की-बोर्डवर बसतात. दुसरं, अपग्रेड फुकट होतं. असेल, मूळ प्रणालीचे पैसे संगणकाच्या बिलात मोजलेत. तिसरं, संमती. त्याच कायद्याखालच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत ग्राहकाला गंडवणाऱ्या १३ रचना दिल्यात. सक्तीने काही करायला लावणं आणि फिरवून विचारलेला प्रश्न त्यांत आहेत. फुलीला होकार धरणं तिथे बसवून दाखवीन.
शुल्काची धास्ती नको. वस्तूला मोजलेले पैसे ५ लाखांच्या आत असले की जिल्हा आयोगात शुल्क नाही. मुदत दोन वर्षं.

१२ नोव्हेंबर
काकांनी पेपरातलं कात्रण आणलं: फोन मंदावणाऱ्या अपडेटबद्दल इटलीत २०१८ साली ॲपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरो दंड. त्यांना समजावलं, दंड सरकारजमा होतो. फोनवाल्याच्या खिशात त्यातलं काही पडत नाही. भरपाई हवी तर आपलं नुकसान आपणच रुपयांत दाखवायचं. तंत्रज्ञाचा सही-शिक्क्याचा अहवाल, अपडेटच्या नोंदीचा तारखेसह फोटो, संगणकाचं बिल, गेल्या हंगामाची बिलबुकं.
मनस्तापाचे पाच लाख मात्र त्यांनी आधीच लिहून आणले होते. म्हटलं, “काका, तो आकडा आयोग बघेल. तुम्ही त्या चार गिऱ्हाइकांचे ऑर्डर रद्द केल्याचे मेसेज तेवढे पुसू नका.”