बायूकाठचं ह्यूस्टन

ह्यूस्टन म्हटलं की आपल्याला नासा आठवतं. ऑफिसच्या कामासाठी वर्षभर तिथे राहिलो, तेव्हा नासा पाहिलंच. पण शहर कळलं ते मेयरलँड या वस्तीत पायी फिरताना. एक घर जमिनीलगत, बैठं. शेजारचं पुरुषभर उंच जोत्यावर, दारापर्यंत जिना. त्यापलीकडे घर पाडून मोकळा ठेवलेला प्लॉट, नुसतं गवत. एकाच गल्लीत हे तिन्ही प्रकार का, असं कोणालाही विचारलं की एकच उत्तर मिळतं: हार्वे.

२५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वे वादळ टेक्सासमध्ये रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. पुढे निघून जायचं सोडून ते तिथेच घुटमळलं आणि दिवसेंदिवस पाऊस कोसळत राहिला. नेदरलँड या गावाजवळ ६० इंचांहून जास्त पाऊस नोंदला गेला. ह्यूस्टन अगदी सपाट. तिथलं पाणी समुद्राकडे नेतात ते बायू, म्हणजे संथ वाहणारे ओढे. पश्चिमेला अ‍ॅडिक्स आणि बार्कर असे १९४० च्या दशकातले दोन जलाशय आहेत, एरवी कोरडेच असतात. ते भरत आले तेव्हा बफेलो बायूत पाणी सोडावं लागलं. पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी काठच्या घरांतलं पाणी कित्येक दिवस उतरलं नाही.

आम्हा बडोदेकरांना हे गणित समजावून सांगावं लागत नाही. वर आजवा भरतं आणि खाली विश्वामित्री फुगते. मेयरलँड ज्याच्या काठी आहे त्या ब्रेज बायूने तर २०१५, २०१६ आणि २०१७ अशी सलग तीन वर्षं लोकांच्या घरात पाणी आणलं.

सुटकेच्या कथा तिथे आजही रंगवून सांगतात. शेजारच्या लुइझियानातून मासेमारीच्या होड्या ट्रेलरवर लादून ‘केजन नेव्ही’ नावाने ओळखले जाणारे स्वयंसेवक आले. मोबाईलवरच्या झेलो या वॉकी-टॉकी अ‍ॅपवर पत्ते पुकारले जात होते. जिम मॅकिंगवेल या फर्निचरवाल्याने आपली दुकानं उघडी केली आणि लोक विक्रीच्या गाद्यांवर झोपले. ह्यूस्टन विद्यापीठात सुमारे २०० भारतीय विद्यार्थी अडकले होते. त्यांच्यासाठी आपल्या वकिलातीने धावपळ केली.

पण खरी परीक्षा पाणी ओसरल्यावर सुरू होते. माझा कॉलेजचा मित्र आणि वहिनी पश्चिम भागात तळमजल्यावर भाड्याने राहत होते. तिथल्या भिंती विटांच्या नसतात. लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात, आणि ते टीपकागदासारखं पाणी ओढतात. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. त्यामुळे पाण्याच्या खुणेच्या वर फूटभरापर्यंत भिंत कापून काढायची, आतला कापूस उपसायचा, सांगाडा वाळवायचा. मित्राच्या शेजारच्या घरांसाठी चर्च, गुरुद्वारा, देऊळ, शाळा अशा सगळीकडून अनोळखी माणसं हातमोजे आणि पहारी घेऊन आली. “कोणी जात विचारली नाही, व्हिसाही विचारला नाही,” वहिनी म्हणाल्या.

व्हिसा विचारला गेला तो सरकारी मदतीच्या अर्जावर. फेमा या केंद्रीय संस्थेची रोख मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही ठरावीक गटांनाच मिळते. एच-वन-बीवर असलेला माणूस वर्षानुवर्षं कर भरत असला, तरी स्वतःच्या नावावर अर्ज करू शकत नाही. निवारा, अन्न, पाणी मात्र सगळ्यांना. आणि घरात तिथे जन्मलेलं मूल असेल, तर त्या मुलाच्या वतीने आईबाबांना अर्ज करता येतो. मित्राने दोन वर्षांच्या लेकीच्या नावाने अर्ज भरला. “आमची बाई घरात एकटीच नागरिक!” असं तो हसत सांगायचा, पण त्या हसण्याखाली काय होतं ते कळत होतं.

ज्यांची मुलं, भावंडं तिकडे आहेत त्यांनी त्यांना एवढं जरूर सांगावं. घराच्या साध्या विम्यात पूर बसत नाही. पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो आणि तो साधारण ३० दिवसांनी लागू होतो, म्हणजे वादळाची बातमी आल्यावर उपयोग नाही. भाडेकरूलाही सामानापुरता असा विमा मिळतो. टेक्सासमध्ये २११ फिरवलं की जवळच्या मदतीची माहिती मिळते. साफसफाई करण्याआधी फोटो काढावेत, पावत्या जपाव्यात. मदत नाकारल्याचं पत्र आलं तरी हताश होऊ नये. बरेचदा एखादा कागद कमी असतो, आणि मुदतीत अपील करता येतं.

बरोबर वर्षाने, २५ ऑगस्ट २०१८ ला, हॅरिस काउंटीच्या मतदारांनी पूरनियंत्रणासाठी अडीच अब्ज डॉलर्सच्या कर्जरोख्यांना मत दिलं. हे कर्ज फेडायचं आपल्याच मालमत्ता करातून, हे माहीत असूनही दिलं. ते मोकळे प्लॉट मला त्यानंतर वेगळे दिसू लागले. वारंवार बुडणारी काही घरं सरकार विकत घेतं, पाडतं आणि जागा पाण्यासाठी सोडून देतं. पिढीजात घर असं सोडणं सोपं नसणार. बायूशी भांडण्यापेक्षा त्याची वाट मोकळी करणं शहाणपणाचं, हे तिथल्या लोकांना तीन पुरांनी शिकवलं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा बडोद्यातही शेजारीच शेजाऱ्याकडे आधी पोहोचला. आपल्या मंडळाकडे सभासदांची यादी आहे. तिच्यात नाव, पत्ता, फोन एवढंच असतं. त्यात अजून काही रकाने वाढवावेत असं मला वाटतं: वरचा मजला कोणाकडे आहे, गाडी उंचावर ठेवायला जागा कोणाकडे, इन्व्हर्टर कोणाकडे, आणि कुठल्या घरात आजी-आजोबा एकटे राहतात. एका रविवारी तरुण मंडळींनी बसलं तर होण्यासारखं काम आहे. पावसाळ्याच्या आधीचा रविवार मात्र हवा.