देवळामागची फुलवाडी

देवाचे दर्शन पाच मिनिटांचे आणि देवळामागच्या पाळण्यांचे तीन तासांचे, हा जत्रेचा हिशेब आपल्यापैकी कोणीही विसरलेला नाही. मात्र हाच हिशेब थेट जपानच्या राजधानीत पुन्हा भेटेल, असे मला कधी वाटले नव्हते.

धाकट्या बहिणीचे बिऱ्हाड टोकियोतल्या निशिकासाई भागात आहे. आपल्या लोकांची तिथे इतकी वस्ती झाली आहे, की तूरडाळीसाठी कुणाला मायदेशी पत्र लिहावे लागत नाही. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे जाऊन पोचलो, तो आठ वर्षांच्या भाचीने डिस्नेलँडचे चित्रच माझ्यापुढे धरले. "मामा, आपण इथंच जायचं!"

"तिथं उद्या," बहीण म्हणाली. "दादा, आज तुला तुझ्यासारखंच एक जुनं ठिकाण दाखवते."

पंचेचाळिशीत हा शेरा ऐकून घ्यायला मोठे मन लागते. मी ते केले, भाचीने मात्र केले नाही. निहोनबाशीला गाडी बदलून आम्ही आसाकुसाच्या भुयारी गाडीत बसलो, तरी तिचे गाल फुगलेलेच होते. आसाकुसा ते उएनो हा या मार्गाचा पहिला तुकडा १९२७ साली सुरू झाला आणि जपानातली भुयारी आगगाडी इथूनच धावू लागली, अशी मौलिक माहिती मी तिला दिली. तिचे गाल आणखी फुगले.

आसाकुसा म्हणजे सेन्सोजीचे देऊळ. कामिनारीमोन या दरवाजात माणसाहून कितीतरी मोठा लाल कंदील टांगलेला. तिथून पुढे नाकामिसेच्या दुतर्फा दुकानांतून वाट काढत देवळापर्यंत जायचे. इ. स. ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोघा कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी कथा सांगतात. ही कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेला पद्मपाणि ज्याने पाहिला आहे, त्याला इथे परके वाटण्याचे कारण नाही. मूळ मूर्ती कुणालाच दाखवीत नाहीत. आम्ही उदबत्तीचा धूर अंगावर घेतला, नमस्कार केला आणि देवळाच्या मागच्या अंगाला वळलो. पाच मिनिटेही लागली नसतील. जत्रेचा हिशेब बरोबर जमला.

मागच्या गल्लीतच हानायाशिकीचे दार आहे. हाना म्हणजे फूल आणि याशिकी म्हणजे वाडा. फुलांचा वाडा, आपण फुलवाडी म्हणू. जपानातली ही सर्वांत जुनी खेळबाग. स्थापना १८५३ सालची!

साल ऐकून मी जागीच थबकलो. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली आगगाडी निघाली. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेचा कमोडोर पेरी काळ्या गलबतांचा ताफा घेऊन जपानच्या दाराशी उभा राहिला, आणि दोनशे वर्षांहून अधिक काळ मिटलेले ते दार किलकिले होऊ लागले. टोकियोचे नाव तेव्हा एदो होते. समुद्रावर तोफा येऊन ठेपल्या, त्याच वर्षात या शहरातला मोरिता रोकुसाबुरो नावाचा एक माळी लोकांना फुले पाहायला बोलावीत होता. पिओनी आणि शेवंती ही त्याच्या बागेची खासियत. खेळ नाहीत, पाळणे नाहीत. चहाचे रसिक यावेत, कवींनी बैठक घालावी, फुले पाहून माघारी जावे, एवढाच थाट.

पुढे एदोचे टोकियो झाले, राज्यकर्ते बदलले आणि फुलवाडीही बदलली. १८७२ च्या सुमारास तिथे खेळण्याची साधने आली. मग शिकवलेल्या पक्ष्यांच्या कसरती, कळसूत्री बाहुल्या, जादूचे प्रयोग, हलती चित्रे आणि हिंस्र पशूही आले. फुलांच्या वाड्यात वाघाची डरकाळी घुमू लागली. इथल्या वाघिणीला एका वेळी पाच बछडे झाले तेव्हा केवढी गर्दी लोटली असेल!

आणि मग १ सप्टेंबर १९२३ चा दिवस उजाडला. दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना जमीन हादरली. स्वयंपाकाची वेळ, घरोघरी चुली पेटलेल्या आणि घरे लाकडाची. भूकंपाने जे पाडले नाही ते आगीने जाळले. जवळच्याच र्योउनकाकू या बारा मजली मनोऱ्यावर आसाकुसाचा मोठा गर्व होता, तो आठव्या मजल्यापाशी मोडला. सेन्सोजीचे मुख्य देऊळ मात्र वाचले. जीव मुठीत धरून पळालेली माणसे फुलवाडीतही शिरली. पिंजरे तुटले आणि जनावरे सुटली तर काय, या भीतीने रखवालदारांनी आपल्याच हातांनी काही पशुपक्ष्यांना विष घातले. ज्या हातांनी रोज दाणा-मांस घातले, त्याच हातांनी! हे वाचल्यावर दारावरच्या रंगीत पाटीकडे माझ्याने पूर्वीसारखे पाहवेना.

देऊळ भूकंपात वाचले ते युद्धात गेले. १० मार्च १९४५ च्या पहाटेपूर्वी विमानांनी टोकियोवर आगीचा पाऊस पाडला. सुमारे एक लाख माणसे एका रात्रीत मेली. आज दिसते ते सेन्सोजीचे मुख्य देऊळ १९५८ साली पुन्हा बांधलेले आहे. पण फुलवाडी त्याआधीच परत आली होती. चाळीसचे दशक सरता सरता इथे मुले पुन्हा खेळू लागली होती. देवाच्या आधी पाळणे उभे राहिले म्हणून देव रागावला नसावा.

आत गेल्यावर पहिले आश्चर्य जागेचे. सारी बाग जेमतेम दीड एकराची! जमीन संपली म्हणून खेळ एकमेकांच्या डोक्यावर चढवले आहेत. इकडे लाकडी घोड्यांचे चक्र, तिकडे भुतांचे घर, मधूनच पांडाच्या पाठीवर बसून हळूहळू चालणारी पोरे. प्रवेशाचे तिकीट वेगळे, खेळांचे वेगळे. उंच मनोऱ्यावरून खेळण्यातल्या घरांसारखे पाळणे फिरवणारा 'बी टॉवर' ही एके काळी या बागेची खूणच होती. तो २०१६ साली उतरवला. आता क्षितिजावर सुमिदापलीकडचा ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री दिसतो. त्याच्यासमोर ही बाग म्हणजे शोभेच्या दुकानासमोर आजीची पानाची पेटी.

पण या पेटीत एक रत्न आहे. १९५३ साली सुरू झालेली रोलर कोस्टर, जपानात आज धावणाऱ्यांपैकी सर्वांत जुनी. तिचा कमाल वेग ताशी ४२ किलोमीटर. आपली मुंबईची लोकल याहून जोरात जाते आणि दाराशी लोंबकळणारा माणूस वर्तमानपत्र वाचत असतो. मी भाचीला हे सांगितले आणि ऐटीत तिच्या शेजारी बसलो.

ती ऐट पहिल्या उतारापर्यंत टिकली. भय वेगात नसते, जवळिकीत असते, हे मला तिथे कळले. गाडी कण्हत चढते, एकदम वाकते आणि भिंती, छपरे, खांब इतक्या जवळून जातात की आपण डोके आत ओढून घेतो. कुणाच्या तरी माडीत शिरणार असे वाटते. दीड-दोन मिनिटांत सारे संपले. मी ओरडलो असे बहीण सांगते. भाची म्हणाली, "पुन्हा!" तिचे गाल आता खऱ्या अर्थाने फुगले होते.

ती दोघी मायलेकी पुन्हा रांगेत लागणार, तोच कठड्याशी बसलेल्या एक आजी माझ्याकडे पाहून हसल्या. वय ऐंशीच्या पुढचे, मांडीवर नातीचे दप्तर. बहीण थांबली आणि दुभाषी झाली. मार्च ४५ च्या आगीत आजींचे घर गेले, आई गेली. वडील उरले, पण बोलणे सोडून दिल्यासारखे. ही गाडी सुरू झाली त्या वर्षी त्या दहा वर्षांच्या होत्या. वडिलांनी दोन तिकिटे काढली.

"पहिल्या उतारावर बाबा ओरडले," आजी म्हणाल्या. "माझ्याहून मोठ्यानं. मग खाली उतरून खूप हसले. मला वाटलं, बाबा परत आले."

बहिणीने हे मराठीत सांगितले आणि ती पुढे काही बोलली नाही. मीही बोललो नाही. एवढ्यात गाडी कडकडत डोक्यावरून गेली. आजींनी मान वर करून नातीला हात केला.

पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली फुलराणी नावाची लहानगी आगगाडी आली. माझ्या लहानपणी वडील त्या गाडीत माझ्याबरोबर गुडघे दुमडून बसले होते. ते हसले होते की नाही, हे मला आठवेना. आठवायला हवे होते.

फुलवाडीत फुलांचे राज्य केव्हाच संपले. नाव तेवढे राहिले. माळी गेला, वाघ गेले, मनोरा गेला. पण घरी दुःख असलेल्या माणसाने पोराचा हात धरून यावे आणि घटकाभर ओरडून घ्यावे, अशी देवळामागची दीड एकर जागा त्या शहराने कुणालाही गिळू दिलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिस्नेलँडला जायला तयार होऊन बसलो. भाची डोळे चोळत आली आणि म्हणाली, "मामा, कालच्याच गाडीत बसूया. आज बाबांनाही नेऊ."